पांढरी तीन आणि एक ‘टक’

आमची जीप ताशी साठच्या वेगाला पांढरी तीनमध्ये गात असे, असं मी सांगितलं की ऐकणारे हसतात. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही निवृत्तीनंतरची लहर असणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. पण ही गोष्ट शब्दशः खरी आहे. तो सूर कुठून येतो हे शोधता शोधता त्याच्या आड लपलेला दुसरा एक आवाज आम्हाला सापडला. तो सापडला नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही मी फार वेळ करत नाही.

ही जीप म्हणजे जुनी पेट्रोल सीजे-३बी. अमेरिकेत विलीजने हे मॉडेल १९५३ साली काढलं आणि महिंद्रांनी ते आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवलं. हिचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच आणि चौकोनी दिसतं, कारण आतलं इंजिनच उंच आहे. माझे वडील गुरांचे डॉक्टर. त्यांनी ती १९७४ साली सरकारी लिलावात घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या भागात चिखलापाण्यातून पळवली. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट त्यांनीच कधीतरी काढून माळ्यावर टाकला. तो अजून तिथेच आहे. त्यामुळे गाडी ओढण्याचं सगळं काम मागच्या एक्सलकडे. वडील गेले, गाडी राहिली. मी ती आठवड्यातून एकदा बाहेर काढायची आणि परत झाकून ठेवायची, असं बरीच वर्षं चाललं.

२०१६ साली आमच्या मुलीला वारणानगरला नोकरी लागली. कोल्हापुरातून पंचगंगा ओलांडून शिरोलीवरून पुण्याच्या महामार्गाने वाठारपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. घरात गाडी असताना वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने का बसू, असा तिचा सवाल. मी बरेच आढेवेढे घेतले. ती आजोबांच्या वळणावर गेलेली आहे, ऐकली नाही.

महिनाभरात ती म्हणाली, ‘‘बाबा, मागून कोल्हेकुई येते.’’

मी शेजारी बसून गेलो. पन्नाशीच्या पुढे गेलं आणि ॲक्सिलरेटर दाबला, की मागून एक लांबलचक ‘ऊंऽऽ’ निघे. गाडी एका गॅरेजमध्ये दिली. (नाव सांगत नाही, आता तिथे भांडायलाही जात नाही.) त्यांनी पहिल्या खेपेला मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली. आवाज तसाच. दुसऱ्या खेपेला ‘क्राऊन टाईट करून देतो’ म्हणाले आणि दिला करून. आवाज गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आधी ॲक्सिलरेटर दाबला की ओरडायची, आता पाय काढला की ओरडू लागली. आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने. दोन्ही बिलं मी भरली. तिसऱ्या खेपेला मालक म्हणाले, ‘‘सर, जुनी गाडी आहे, आवाज येणारच.’’ हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

मग मी ठरवलं की आता पान्याला हात लावायचा नाही. आधी फक्त ऐकायचं.

मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्याच्या आत एक लहान आणि एक मोठं अशी दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला असतो तो पिनियन, आणि त्याच्याशी काटकोनात गुंतलेलं मोठं चाक म्हणजे क्राऊन. क्राऊनच्या पोटात डिफरन्शियल बसलेलं असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, त्याची सोय ते करतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे त्यांच्या मागे हा गोळाच नसतो. पण बोलेरो, स्कॉर्पिओ, रस्त्यावर अजून दिसणाऱ्या ओम्नी, जुन्या अँबॅसिडर आणि पद्मिनी, सगळे टेम्पो आणि ट्रक यांच्या पाठीशी तो आहेच. म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

पहिला संशय टायरवर घ्यावा, कारण तो तपासायला पैसे पडत नाहीत. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर गेलात की तो वेगळा होतो, एक्सलचा होत नाही. चारही टायरांत थोडी जास्त हवा भरून तोच रस्ता पुन्हा तुडवावा. आवाज बदलला तर टायर, नाही तर पुढे चला. आमचा बदलला नाही.

दुसरा प्रश्न, आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे की गाडीच्या वेगाशी? ताशी पंचेचाळीसच्या वेगाला आधी टॉपमध्ये आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहिलं. इंजिन दीडपट जोरात फिरू लागलं तरी मागचा सूर होता तिथेच. म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या मागचा.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. एकाच वेगाच्या आसपास गाडी तीन प्रकारे चालवायची. एकदा ॲक्सिलरेटर दाबून ओढत, एकदा पाय पूर्ण काढून, आणि एकदा ना ओढ ना अडवणूक अशी, नुसती तरंगत. फक्त ओढताना ओरडली तर क्राऊन-पिनियनच्या दातांची पुढे ढकलणारी बाजू दुखते आहे. फक्त पाय काढल्यावर ओरडली तर दातांची उलटी बाजू. तिन्ही अवस्थांत सारखीच घरघर असेल तर दातांपेक्षा बेअरिंगकडे बघावं. त्यातही चाकाचं बेअरिंग असेल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच डावी-उजवीकडे डोलवली की भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो आणि घरघर कमी-जास्त होते. पिनियनचं बेअरिंग मात्र चाकापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतं, त्यामुळे त्याची कुरकुर बारीक असते आणि गाडी डोलवून तिला फरक पडत नाही. सरळ रस्त्यावर गप्प आणि फक्त वळताना आवाज, तर डिफरन्शियलच्या पोटातली छोटी चाकं.

जीपच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. हिच्या गिअरबॉक्सला चिकटून ट्रान्स्फर केस असते. या जुन्या जातीत ताकद सरळ मागे न जाता नेहमीच तिच्या आतल्या दातांमधून फिरून जाते, त्यामुळे ती स्वभावतःच गुणगुणते, आणि तिचं गुणगुणणंही गाडीच्या वेगाशी बांधलेलं असतं. मग ओरडतोय एक्सल की ट्रान्स्फर?

इथे पेटी कामाला आली. मुलगी लहानपणापासून पेटी वाजवते. साठच्या काट्यावर गाडी धरून, पाय काढून, ती तो सूर गुणगुणत राहिली आणि घरी येऊन पेटीवर बसली. मधल्या सप्तकातली पांढरी तीन. मी दारात गाडीच्या चाकावर खडूने खूण केली आणि ती ढकलली. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी २२० सेंटिमीटर पुढे गेली. ताशी साठ म्हणजे मिनिटाला हजार मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण ७.६ फेरे. क्राऊनला दात ४३. गुणाकार केला तर सेकंदाला ३२६ वेळा दातावर दात येतो. पांढरी तीनचा हिशेबी आकडा ३२९.६. आमचा स्पीडोमीटर आणि माझ्या मुलीचा गळा यांच्यात मिळून एक टक्क्याची चूक म्हणजे काहीच नाही. ट्रान्स्फरचे दात पिनियनच्या दातांपेक्षा तिपटीहून जास्त, त्यामुळे तिचा सूर दीड-पावणेदोन सप्तकं वर असता. म्हणजे ओरडत होते ते क्राऊन-पिनियनचेच दात.

क्राऊनचे ४३ दात मला गोळा न उघडता कसे कळले, हे सांगायला हवं, कारण जुन्या गाडीत कुणी काय बसवलं असेल याचा भरवसा नसतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली घोडी द्यावी. मग ते उचललेलं चाक हाताने बरोबर वीस फेरे फिरवावं आणि मधला शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजावं. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे डिफरन्शियलच्या करणीने क्राऊन निम्मेच, म्हणजे दहा फेरे फिरतो. आमचा शाफ्ट पावणेचोपन्न फेरे फिरला. दहाने भागा, ५.३७५. आठ दातांचा पिनियन आणि ४३ दातांचा क्राऊन. सीजे-३बीचं हेच मूळ प्रमाण, पुस्तकांत ५.३८ असं लिहितात.

एवढा अभ्यास करून मी कागद घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथे एक वृद्ध मेस्त्री आहेत. ऑइल इंजिनांच्या काळापासून हात काळे केलेले, आता रोज थोडंच काम घेणारे. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला, गाडीत बसले आणि गल्लीतल्या गल्लीत चार वेळा पुढे-मागे करायला लावलं. साठचा वेग नाहीच, दहाचाही नाही. नुसतं पुढे, थांब, मागे, थांब.

‘‘ऐकला?’’

‘‘काय?’’

‘‘टक्.’’

दिशा बदलली की डाव्या मागच्या चाकापाशी एक बारीकसा ‘टक’ होत होता. मी तो पूर्वीही ऐकला असणार. पण कोल्हेकुईपुढे त्याच्याकडे लक्ष कोण देतो?

‘‘सर, मोठ्यानं वरडतंय त्येचं काय बी न्हाई. ते वरडत वरडत आनि धा वर्सं जाईल. हितं बघा.’’

या जीपचा मागचा एक्सल डाना ४४ जातीचा, पण जुन्या घडणीचा. एक्सल शाफ्टचं टोक निमुळतं असतं, त्यावर चाकाचा हब दाबून बसवतात, दोघांच्या मध्ये एक लोखंडी चावी असते आणि बाहेरून एक मोठा नट. चाक गाडीला धरून ठेवणारं जे काही आहे ते एवढंच. हा नट किमान १५० फूट-पौंड जोराने आवळावा लागतो. साध्या भाषेत, दीड फूट लांबीच्या पान्यावर शंभर पौंडांचा भार. निमुळता भाग स्वच्छ हवा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. बेअरिंग बदलताना त्या गॅरेजने हब काढला होता आणि नट हाताला येईल तेवढा आवळून दिला होता. भोक जुळावं म्हणून थोडा मागेही फिरवला असावा. हब शाफ्टवर हलू लागला होता. मेस्त्रींनी पुलर लावून तो काढला आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. तिची एक कड अर्ध्यापर्यंत कातरली गेली होती.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीच मनात जुळवत गेलो. चावी पूर्ण कातरली की ते चाक शाफ्टपासून सुटं. गाडी ओढणं बंद होईल, हे एक. पण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फरच्या मागे शाफ्टवर असतो. एका बाजूचा हब सुटा झाला की शाफ्ट कितीही घट्ट धरला तरी डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला खुशाल फिरू देणार. म्हणजे उतारावर लावलेली गाडी हँडब्रेक ओढलेला असताना घरंगळणार. आणि नटच निघाला तर चाक ड्रमसकट बाहेर. ड्रम गेला की ब्रेकच्या सिलिंडरातले पिस्टन सुटून ऑइल वाहून जाणार, आणि या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला मिळून एकच नळी, एकच मास्टर सिलिंडर. चाक गेलं त्याच क्षणी चारही ब्रेक गेले. मुलगी रोज सकाळी आठ वाजता महामार्गाला लागत होती.

घरी मी यातलं निम्मंच सांगितलं.

मग मेस्त्रींनी गोळा उघडला. ऑइल आधी पसरट भांड्यात काढून उन्हात धरलं. त्यात चंदेरी कण चमकत होते. पुढच्या पिनियन बेअरिंगच्या रुळांवर खड्डे पडलेले. त्यांनी शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या आठ-दहा दातांवर ब्रशने लावला आणि चाक हाताने फिरवलं. मारुतीला लावतात तोच शेंदूर. पिनियनचा दात जिथे घासतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि दोघांची भेट कुठे होते ते उघड दिसतं. ती दाताच्या मध्यावर, लांबट ठशासारखी व्हायला हवी. ठसा क्राऊनच्या आतल्या टोकाला सरकला असेल तर क्राऊन फार जवळ आलाय, बाहेरच्या टोकाला असेल तर लांब गेलाय. ठसा दाताच्या माथ्यावर असेल तर पिनियन बाहेर राहिलाय, मुळाशी असेल तर फार आत शिरलाय. हे सगळं शिम नावाच्या पातळ चकत्या काढून-घालून दुरुस्त करायचं असतं. हिशेब थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा. दोन दातांमधला खेळ पाच ते नऊ थाऊ असला की ठीक.

आमचा ठसा आतल्या टोकाला गोळा झाला होता. ‘टाईट करून दिला’ याचा हा अर्थ. पन्नास वर्षं एका जागी घासून एकमेकांना ओळखणारे दात जागेवरून हलवले, की न झिजलेली कड झिजलेल्या पोटावर येते आणि गाडी जास्तच ओरडते. जुनी जोडी उघडलीच तर होती तिथेच, त्याच शिमवर परत बसवावी. गॅरेजने जुने शिम फेकून दिले होते. या दुखण्यावरचा जगभरचा चलाख उपाय म्हणजे गोळ्यात लाकडाचा भुसा भरून गाडी विकून टाकणं, असं जुन्या गाड्यांच्या बाजारात सांगतात. मेस्त्रींनाही तो ठाऊक होता. ते नुसते हसले.

बेअरिंग बदलायचं तर पिनियन काढावाच लागणार. दातांवरचा कडक थरही जागोजाग उडाला होता. तेव्हा नवी जोडी घ्यायची ठरली. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जमवलेले असतात, त्यामुळे जोडीच घ्यावी लागते. एकाचा नवरा दुसऱ्याच्या गळ्यात बांधून चालत नाही. आणि जोडी नवीच घ्यायची तर मूळ प्रमाणाचीच का, हा प्रश्न मुलीने काढला.

या एक्सलमध्ये ५.३८, ४.८८ आणि ४.२७ या तिन्ही जोड्या एकाच केसवर बसतात. ३.७३ बसवायची तर केससुद्धा बदलावी लागते, तेव्हा ती आम्ही सोडून दिली. आकडा जितका लहान, तितकं त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं. ताशी ८० ला आमचं इंजिन ५.३८ वर मिनिटाला ३,२५० फेरे घेत होतं. ४.८८ वर तेच २,९५०, आणि ४.२७ वर २,६००. कमाल ताकद ४,००० फेऱ्यांना देणाऱ्या जुन्या इंजिनाला हा फरक लहान नाही. आवाज, कंप, पेट्रोल, सगळंच कमी. मुलीचं मत अर्थातच ४.२७.

माझं मत होतं तसंच ठेवावं. त्यात वडिलांची आठवण किती आणि यंत्रशास्त्र किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण कागदावर मांडल्यावर यंत्रशास्त्रही थोडं माझ्या बाजूने निघालं. आमच्या गिअरबॉक्सला तीनच गिअर. पहिला २.८, दुसरा १.५५, तिसरा सरळ. घाटाच्या वळणात ताशी पंधराच्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ५.३८ वर साधारण ९५० फेरे घेतं, ४.८८ वर ८६०, आणि ४.२७ वर ७५०. साडेसातशेवर भरलेली गाडी चढावर ओढायला लावली की म्हातारं इंजिन धक्के खातं. मग पहिला टाकायचा, तर या बॉक्समधला पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही. त्याला सिंक्रोमेश नाही. डबल क्लच करून, मध्ये रेस देऊन, दात जुळवून घालावा लागतो. चुकला तर गाडी वळणात न्यूट्रलमध्ये. शिवाय उतरताना इंजिनाने गाडी अडवायची असते, तिथेही ४.२७ वर ती अडवणूक वीस टक्क्यांनी कमी होणार, आणि ब्रेक तेच जुने ड्रम.

गाड्या बनवणारेही हेच गणित करतात. फियाट १२४ वरून रशियात लाडा गाड्या निघाल्या. त्यांत १.२ लिटरच्या साध्या गाडीला मागे ४.३, त्याच इंजिनाच्या सामान वाहणाऱ्या स्टेशन वॅगनला ४.४४, १.५ लिटरच्या गाडीला ४.१ आणि १.६ लिटरच्या गाडीला ३.९. ओझं वाढलं की आकडा वाढतो, इंजिनाचा जोर वाढला की उतरतो. आमच्या इंजिनाचा जोर वाढलेला नव्हता. नुसते ७.००-१६ चे मोठे टायर टाकूनही वेगात सहा-सात टक्के फरक पडला असता, पण स्टिअरिंग आणि ब्रेकवर जड चाकाचा ताण नको म्हणून तो विचार सोडला. (पुढच्या चाकांचा ड्राईव्ह चालू असलेल्या जीपवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मागचं प्रमाण बदललं तर पुढच्याही एक्सलचं बदलावं लागतं. नाहीतर फोर-व्हील घातल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात.)

‘‘बाबा, घाटात आपण वर्षातून किती वेळा जातो?’’ मुलीने विचारलं. तीन-चार वेळा. महामार्गावर ती आठवड्यातून सहा दिवस. हा प्रश्न मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना विचारत आलो होतो, फक्त वेगळ्या शब्दांत.

आम्ही ४.८८ घेतली. आठ दातांचा पिनियन, ३९ दातांचा क्राऊन. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही हेच प्रमाण होतं, हे मला नंतर कळलं. मेस्त्रींनी ती बसवायला दोन दिवस घेतले. शेंदूर लावायचा, फिरवायचं, उघडायचं, एक चकती काढायची, पुन्हा लावायचं. किती वेळा ते मी मोजलं नाही. दोन्ही बाजूंच्या चाव्या नव्या, नट माझ्या देखत आवळले, नवी स्प्लिट पिन. मग हायपॉइड गिअरसाठीचं ९० नंबरचं ऑइल भरलं. ‘‘पयले पंधरा-वीस किलोमीटर सावकाश, मग थंड होऊ द्या. घाई करू नगा, आनि लोड भरू नगा,’’ एवढीच सूचना.

दुसऱ्या दिवशी शिरोलीच्या पुढे गाडी साठच्या काट्यावर धरली. आवाज जवळजवळ नव्हता. कान देऊन ऐकलं तर अगदी पुसट गुणगुण. नव्या हिशेबाने साठला ३९ दातांचा सूर २९५ च्या आसपास, म्हणजे पांढरी दोन यायला हवी. मुलगी ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘तीनच आहे.’’

मी म्हणालो, तुझा कान चुकतोय. ती म्हणाली, तुमचं गणित चुकतंय. दोन्ही बरोबर होतं. चूक होती काट्याची. जीपचा स्पीडोमीटर चाकावरून नाही, ट्रान्स्फरवरून फिरतो. त्याला मागे कोणती जोडी आहे हे माहीत नसतं. काटा साठ दाखवतो तेव्हा शाफ्ट पूर्वीइतकाच फिरत असतो, पिनियनचे दात पूर्वीइतकेच आठ, म्हणून सूरही तोच. गाडी मात्र दहा टक्के जास्त, ताशी ६६ ने पळत असते. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि घड्याळ लावून पाहिलं. दोन दगडांमध्ये एक मिनिटाऐवजी चोपन्न-पंचावन्न सेकंद. ट्रान्स्फरमधलं स्पीडोमीटरचं छोटं चाक बदलून हे दुरुस्त करता येतं. ते मिळेपर्यंत मुलीने काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून वर लिहिलं, ‘६० = ६६’. तो अजून तिथेच आहे.

पावसाळा संपल्यावर आईला घेऊन आम्ही गगनबावड्याला गेलो आणि तिच्या आग्रहाखातर करूळ घाट उतरून वैभववाडीपर्यंत. येताना चढावर मुलगी गाडी चालवत होती, आई पुढे, मी मागे आडव्या बाकावर, बरोबर एक्सलच्या वर. एका वळणात समोरून ट्रक आला. तिला जवळजवळ थांबावं लागलं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दबू लागलं. वडिलांनी त्या जागी दुसऱ्यातच गाडी काढली असती, ५.३८ वर ती निघाली असती. तिने क्लच दाबला, न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, आणि पहिला टाकला. किंचित करकर झाली. गाडी वर निघाली.

‘‘तुझे आजोबासुद्धा इथंच करकर करायचे,’’ आई म्हणाली. वडिलांनी कधी गिअर चुकवला होता, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.